डब्यातली पोळी आणि दातांवरची रेघ

(१९८६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "वीस मिनिटं दातांवर बोल." मी म्हटलं, "कधी?" तर म्हणाले, "जेवणाच्या आधी." मी म्हटलं, "अरे, लोकांची भूक मरेल!" त्यावर उत्तर आलं, "जेवणानंतर ठेवलं तर सगळे झोपतील." तेव्हा भुकेल्या पोटी तुम्हाला मला सहन करायचं आहे.

कवळी, रूट कॅनल, हलणारी दाढ यांबद्दल ज्यांना विचारायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावं. आजच्या दिवस सल्ला मोफत. आपण सगळे पंचावन्नच्या पुढे गेलो आहोत, त्यामुळे प्रश्नांना तोटा पडणार नाही. पण इथं या माईकवरून मला दुसरंच सांगायचं आहे. एका मुलीच्या दातांबद्दल सांगायचं आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. त्या मुलीचे वडील आपल्याच वर्गातले. ते आज इथं बसलेले आहेत. "सगळं सांग, फक्त नाव घेऊ नकोस," अशी त्यांची परवानगी आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना नाव कळेलच, पण मी आपला शब्द पाळणार.

सुरुवात मधल्या सुट्टीपासून करते.

आठवतं ना, मुलं कडुलिंबाखाली बसायची आणि आम्ही मुली व्हरांड्यात. डबा उघडला की कोणाकडे पोळी आणि कोणाकडे ज्वारीची भाकर, हे लगेच दिसायचं. पोळी म्हणजे नोकरीवाल्यांचं घर, भाकर म्हणजे शेतावरचं घर. कोणी तसं बोलून दाखवत नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं. आपला हा मित्र रोज भाकर आणायचा आणि डब्याचं झाकण आडवं धरून खायचा. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. दहा वर्षं एका वर्गात असूनही आम्ही मुली मुलांशी बोलतच नव्हतो. त्यानंच मला हे पुढे खूप वर्षांनी सांगितलं. "तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या लेकरांच्या डब्यात रोज पोळी असेल," असं तो म्हणाला. आणि त्यानं ते पाळलं. शिकला, नोकरीला लागला, घरी गव्हाचं पोतं यायला लागलं. मुलगी झाली. सहा-सात महिन्यांची झाल्यावर तिला रव्याची खीर, दुधात कुस्करलेली पोळी, चहात बुडवलेलं बिस्कीट असं सगळं प्रेमानं भरवलं गेलं. आपण सगळ्यांनी आपल्या मुलांना हेच भरवलं. त्यात वावगं काही नव्हतं.

२०११ साली तो तिला माझ्या दवाखान्यात घेऊन आला. मुलगी नऊ वर्षांची. तक्रार अशी की पुढच्या दातांवर डाग आहेत, शाळेत मुलं चिडवतात, आणि थंड पाणी प्यायलं की दाढा ठणकतात. मी तिला खुर्चीवर बसवलं. चण इतकी लहान की खुर्चीत हरवल्यासारखी दिसली. मी गमतीनं म्हटलं, "काय गं, दुसरीत आहेस का?" ती मान फिरवून म्हणाली, "चौथीत." हे माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण नंतर त्या एका वाक्यानं मला फार छळलं.

तोंडात बघितलं. वरचे चार आणि खालचे चार पटाशीचे दात पिवळट-तपकिरी. टोकापासून थोड्या अंतरावर प्रत्येक दातावर एक आडवी खाच, नखानं ओढल्यासारखी, आणि बारीक खड्डे. चारही पहिल्या दाढांचे उंचवटे झिजलेले. उजवीकडे जसं, तसंच डावीकडे. गालाच्या आत दोन छाले. "हे दर महिन्याला येतात," असं तिची आई म्हणाली. मी बी-कॉम्प्लेक्स आणि लावायला जेल लिहून दिलं.

आणि डागांचं काय? आपला हा यवतमाळ-चंद्रपूरचा पट्टा. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, गावोगावी पोरांचे दात डागाळलेले. मी रोज तेच बघत होते. केस पेपरवर लिहिलं, "फ्लुओरोसिस." पुढच्या दोन दातांवर दाताच्या रंगाचं सिमेंट बसवलं, पाणी बदला म्हणून सांगितलं आणि पाठवून दिलं.

दर खेपेला तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ यायचा. सात वर्षांचा, नुकतेच नवे दात आलेला. बाकावर बसून मला दात दाखवत हसायचा. पांढरे स्वच्छ दात. दोघं एकाच घरातली, एकाच बोअरचं पाणी पिणारी. एकीचे दात कुरतडल्यासारखे आणि दुसऱ्याचे मोत्यांसारखे. पाण्याचाच दोष असता तर त्या पाण्यानं भावाला सोडलं असतं का? एवढा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. विज्ञानाच्या बाई इथं बसल्या आहेत. बाई, तुम्ही आम्हाला शिकवलं होतं की प्रयोगात एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या. तो प्रयोग माझ्या समोर बाकावर हसत बसला होता आणि मी तो बघितला नाही.

२०१५ मध्ये एका संध्याकाळी त्याचा नागपूरहून फोन आला. मुलगी तेरा वर्षांची झाली होती, दवाखान्यात दाखल होती. हिमोग्लोबिन सहावर आलेलं. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू होत्या, पण रक्त वाढत नव्हतं. उंची खुंटलेली. पोट कधी फुगायचं, कधी बिघडायचं, पण घरात कोणी ते फार मनावर घेतलं नव्हतं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी तिला तपासलं, ओठ उचलून दात बघितले आणि विचारलं, "हे दात पहिल्यापासून असेच आहेत का?" मग रक्ताची एक वेगळी तपासणी केली, दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून तपासला. निदान झालं, सिलिॲक डिसीज. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन तिच्या शरीराला सोसत नव्हतं.

त्यानं मला विचारलं, "दातांचा याच्याशी काही संबंध असतो का गं?"

मी म्हटलं, "बघून सांगते." त्या रात्री पुस्तकं काढली. बीडीएसच्या पुस्तकात दोन ओळी होत्या, मी कधीतरी वाचलेल्याही होत्या. मग तिचे जुने फोटो काढले. सगळं स्पष्ट दिसत होतं. सकाळी त्याला फोन केला आणि सांगितलं, "संबंध आहे. चार वर्षांपूर्वी ते माझ्यासमोर होतं आणि माझ्याकडून सुटलं." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तू चार वर्षं म्हणतेस. मी तर तेरा वर्षं तिला हातानं पोळी भरवली." डब्याच्या झाकणाची गोष्ट त्यानं मला त्या दिवशी सांगितली.

आता हे होतं कसं ते थोडक्यात सांगते.

गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळली की तिला जो चिवट ताण येतो तो त्याचाच. बहुतेकांना ते व्यवस्थित पचतं. पण काही माणसांच्या अंगात जन्मतःच अशी प्रवृत्ती असते की ग्लुटेन आत गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व शोषून घेण्याचं काम त्यांचं. ते झिजून सपाट होतात. मग मूल खातं, पण अंगी लागत नाही. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, फॉलिक आम्ल यांची कमतरता पडत जाते.

दात मात्र हिरडीबाहेर येण्याच्या कितीतरी आधी जबड्यात घडत असतात. पहिल्या कायमच्या दाढेचं काम जन्माच्या सुमारास सुरू होतं. पुढच्या दातांचं पहिल्या वर्षात. चार-पाच वर्षांपर्यंत त्यांचा वरचा भाग तयार झालेला असतो, आणि सहा-सात वर्षांचं मूल झालं की ते आपल्याला दिसतात. दाताचं वरचं कठीण कवच, म्हणजे इनॅमल, ज्या पेशी थरावर थर देऊन घडवतात, त्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपून जातात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते, पण इनॅमल एकदा घडलं ते घडलं. घडताना जी खोट राहिली ती कायमची.

आपल्या वर्गशिक्षकांचा कॅटलॉग आठवा. गैरहजेरीची खूण एकदा पडली की ती खोडता यायची नाही. इनॅमल तसंच आहे. ज्या महिन्यांत शरीर आजारी होतं, त्या महिन्यांत घडत असलेल्या सगळ्या दातांवर, उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना, सारख्याच उंचीवर खूण पडते. मुलगी नऊ वर्षांची असताना मी जी आडवी खाच बघत होते, ती तिच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात पडलेली होती. बाळाच्या तोंडी गहू लागला त्याच सुमारास.

कॅल्शियम कमी पडणं हे त्याचं एक कारण. दुसरंही आहे. २०२३ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की सिलिॲक असलेल्या अनेकांच्या शरीरात इनॅमल घडवणाऱ्या प्रथिनांविरुद्धच प्रतिपिंडं तयार झालेली असतात. म्हणजे आतड्यावर उठलेली फौज दातावरही चालून जाते.

आता एक योगायोग ऐका. आपण दहावीला बसलो ते १९८६ साल. आपण इथं भूमितीची प्रमेयं घोकत होतो, त्याच वर्षी फिनलंडमध्ये लीसा आइने या दंतवैद्य बाईंनी सिलिॲकच्या मुलांचे दात बारकाईनं तपासून आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी या खुणांच्या पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी, दातावर नुसते पांढरट, पिवळे किंवा तपकिरी डाग. दुसरी, खरखरीत पृष्ठभाग, उथळ खाचा आणि खड्डे. तिसरी, खोल खाचा. चौथी, दाताचा आकारच बदललेला. दंतवैद्य आजही त्याच पायऱ्या वापरतात. म्हणजे आपल्या दहावीइतकीच जुनी माहिती. माझ्यापर्यंत पोचायला तिला २०१५ उजाडलं, हा दोष माहितीचा नाही.

गव्हाचा गुन्हा कसा पकडला गेला तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं आणि उपाय झाला तर तो खाण्यापिण्यातूनच होईल असंही म्हटलं, पण नेमकं काय टाळायचं ते कळत नव्हतं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना युद्धाच्या आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. बाकीची मुलं वाळत होती, पण सिलिॲकची मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध मांडला आणि गव्हावर बोट ठेवलं.

आपल्या पिढीनंही दुष्काळ बघितला आहे, जरी तो आठवत नसला तरी. १९७२ साली आपण एक-दोन वर्षांचे होतो. घरात लाल मिलो आणि सुकडी आली होती, हे आईच्या तोंडून ऐकलेलं. तेव्हाच्या कुपोषणाची किंवा मोठ्या तापाची रेघही दातांवर उमटू शकते. हे अशासाठी सांगते, की घरी जाऊन आरशात बघून कोणी घाबरू नये. दातावरची प्रत्येक रेघ काही गव्हाची नसते.

मग ओळखायचं कसं? फ्लोराइडचे डाग त्या पाण्यावर वाढलेल्या बहुतेक मुलांमध्ये दिसतात, आणि उशिरा घडणाऱ्या दाढांवरही असतात, बऱ्याचदा जास्तच. एकाच दातावर डाग असेल तर लहानपणी पडल्याचा किंवा दुधाच्या दाताला झालेल्या पुवाचा परिणाम असू शकतो. सगळेच दात, दुधाचेसुद्धा, खराब असतील आणि घरात आधीच्या पिढीत तसं असेल तर तो इनॅमलचा आनुवंशिक दोष. काही मुलांच्या पहिल्या दाढा आणि पुढचे दात कमकुवत असतात, पण एक दाढ खूप खराब तर दुसरी बरी, असं विषम चित्र दिसतं. सिलिॲकमध्ये पुढचे दात आणि पहिल्या दाढा, चारही बाजूंना सारख्या. आणि भावंडांचे दात बरेचदा स्वच्छ. नुसत्या दातांवरून निदान होत नाही, पण शंका घ्यायला ते पुरेसं आहे.

दातांबरोबर आणखी चार गोष्टी बघाव्यात. तोंडात वारंवार येणारे छाले. लाल, गुळगुळीत, चरचरणारी जीभ. उशिरा येणारे दात. आणि औषधाला दाद न देणारा पांडुरोग. मुलाची उंची अडलेली असेल, पोट वरचेवर बिघडत असेल, तर शंका आणखी पक्की. पुष्कळांना पोटाचा त्रास फारसा नसतोच, म्हणून तर निदान लांबतं.

आणि हा फक्त मुलांचा आजार नाही. मुलीचं निदान झाल्यावर डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांची रक्ततपासणी करायला सांगितली, कारण जवळच्या नात्यात तो असण्याची शक्यता बरीच जास्त असते. मित्राची तपासणी निर्दोष निघाली, मुलाचीही. वहिनींना मात्र निघाला. त्यांचं हिमोग्लोबिन लग्नापासून नऊच्या वर गेलेलं नव्हतं. "बायकांना असतंच असं," एवढं ऐकून त्यांनी वीस वर्षं काढली होती. मैत्रिणींनो, हे वाक्य आपण स्वतःलाही म्हणतो. थकवा, हाडं ठिसूळ होणं, रक्त न वाढणं, या सगळ्याला "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. कारण गहूच असेल असं नाही, पण काहीतरी कारण असतं.

हल्ली दुसरं टोकही दिसतं. वजन कमी करायला गहू बंद, गुडघे दुखतात म्हणून गहू बंद. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर तर आठवड्याला एक संदेश येतो की गहू म्हणजे विष. असं काही नाही. बहुसंख्य माणसांना गहू चांगला चालतो. उत्तर भारतातल्या अभ्यासांमध्ये सिलिॲक साधारण शंभरात एकाला आढळला. काहींना गव्हाची ॲलर्जी असते, ती वेगळी. काहींना सिलिॲक नसताना गहू खाल्ल्यावर पोट जड होतं, ते आणखी वेगळं. दातांवरच्या ज्या खुणांबद्दल मी बोलते आहे त्या सिलिॲकच्या.

म्हणून एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. शंका आली तर गहू आधी बंद करू नका. आधी रक्ताची तपासणी करा. तिचं नाव टीटीजी-आयजीए, आणि तिच्याबरोबर एकूण आयजीएचं प्रमाणही बघतात. पोटाच्या डॉक्टरांना गरज वाटली तर ते दुर्बिणीची तपासणी करतील. आधीच गहू सोडला तर आतडं सावरायला लागतं, रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि निदान अर्धवट राहतं. आणि निदान पक्कं हवंच, कारण त्यानंतर गहू आठवड्यातून एकदा किंवा सणापुरता चालत नाही. आयुष्यभर बंद म्हणजे बंद.

ते किती अवघड असतं हे मी त्या घरात बघितलं. पोळी, रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडई ही उघड शत्रूंची यादी. रोडग्यांचं जेवण तर गेलंच. खपली गहू चालतो असं पुष्कळजण सांगतात. तो चालत नाही, तोही गहूच. मग लपलेले शत्रू. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. आणि सगळ्यात मोठी अडचण गिरणीची. ज्वारी शुद्ध नेली तरी गिरणीत आधी दळलेल्या गव्हाचं पीठ तिच्यात उतरतंच. वहिनींचं सगळं पथ्य पाळूनही सहा महिन्यांनी तपासणी म्हणावी तशी सुधारली नव्हती, ती यामुळे. शेवटी घरघंटी घेतली. पोळपाट, तवा, पिठाचा डबा वेगळा केला. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर ते किलोला वीस मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, असा आपल्याकडचा नियम आहे. यावरून किती थोडं पुरतं याचा अंदाज येईल.

पण आपल्या लोकांचं नशीब असं की काय खायचं हा प्रश्न आपल्याला परक्या देशातल्या माणसासारखा पडत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, भगर, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी. आपल्या आज्यांचं स्वयंपाकघर जवळजवळ तसंच होतं. दुकानातली महागडी ग्लुटेनमुक्त बिस्किटं आणि केक मात्र जपून. त्यात साखर भरपूर असते आणि ती दातांना चिकटतात. आधीच कमकुवत इनॅमल, त्यावर साखर, म्हणजे कीड लवकर. अशा मुलांना फ्लोराइडची पेस्ट, दाढांच्या खाचा वेळीच बुजवून घेणं आणि सहा महिन्यांनी तपासणी, हे लागतंच.

आता खरं उत्तर द्यायचा प्रश्न. २०११ मध्ये मी ओळखलं असतं तर काय झालं असतं? तिचे दात वाचले असते का? नाही. जे घडायचे ते दात नऊ वर्षांपर्यंत घडून गेलेले होते. पथ्यानं जुन्या खुणा पुसल्या जात नाहीत. पण चार वर्षं वाचली असती. चार वर्षांचं रक्त, चार वर्षांची उंची, वर्गात डोकं बाकावर टेकवून काढलेले तास, आणि "आळशी आहे" म्हणून खाल्लेली बोलणी. पथ्य सुरू झाल्यावर काही महिन्यांत तिचं हिमोग्लोबिन चढायला लागलं, छाले थांबले, दोन वर्षांत ती आईच्या खांद्याला लागली. हे सगळं तिला आधी मिळू शकलं असतं. दातांनी ते मला सांगितलं होतं, मी वाचलं नाही.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात एक सवय लागली आहे. डागाळलेले दात दिसले की मी भावंडांना खुर्चीवर बोलावते. मुलाची उंची दाराच्या चौकटीवर मोजते. रक्त कधी तपासलं ते विचारते. बहुतेक वेळा पाण्याचाच दोष निघतो. पण आजवर मी तीन मुलांना पुढे पाठवलं आणि त्यातल्या दोघांचं निदान वेळेत झालं.

आपल्या वर्गातले चार जण आज शिक्षक आहेत, आणि आमचे गुरुजन समोर बसले आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन वाक्यं. प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लागते. पहिल्या नंबरावरचं मूल वर्षानुवर्षं तेच राहिलं, फिकट दिसलं, हसताना तोंडावर हात ठेवायला लागलं, तर त्याच्या आईवडिलांना बोलावून घ्या. बुटकी मुलं बहुतेक धडधाकट असतात, हे मलाही माहीत आहे. मी स्वतः सहावीपर्यंत रांगेत पहिली होते! पण विचारायला पैसे पडत नाहीत. डॉक्टरला ते मूल दहा मिनिटं दिसतं, तुम्हाला रोज दिसतं.

ती मुलगी आता चोवीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यात पुण्याला नोकरीवर रुजू होण्याआधी दाढांवर टोप्या बसवायला माझ्याकडे आली होती. काम लांबलं, दुपार झाली, तेव्हा तिनं तिथंच बाकावर डबा उघडला. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा. माझ्या मदतनीस मुलीला म्हणाली, "घे ना ताई, आईनं जास्तीची दिलीय." झाकण बाजूला ठेवलेलं होतं.

जाता जाता एक सूचना, आणि ही संयोजकांनीच द्यायला सांगितली आहे. जेवणाच्या मांडवात डाव्या कोपऱ्यात एक वेगळं टेबल आहे. तिथं भाकर, भात, वरण आणि ठेचा आहे. पीठ घरघंटीवर दळलेलं आहे आणि हिंग पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून आणलेला आहे. ते टेबल वहिनींसाठी आणि त्यांच्यासारख्या आणखी कोणी आलं असेल तर त्यांच्यासाठी. ज्याला भाकर हवी त्यानं खुशाल घ्यावी, भरपूर केली आहे. फक्त पुरीला लावलेला हात आणि इकडची पळी तिकडे नेऊ नका.

आणि ज्याच्या घरी ते सगळं रांधलं गेलं तो आपला मित्र स्वतः वाढायला उभा राहणार आहे. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी त्याच्या डब्यातली भाकर चाखली नाही, त्यांनी आज चाखावी.